खालच्या ओळीतलं कौल

९ नोव्हेंबर

ती. आक्कास नमस्कार,

"ओल्या कौलावर पाऊल पडलं तर पुसायचं नाही, तसंच भाजायचं." बाबांचं हे वाक्य कित्येक वर्षांत मला आठवलं नव्हतं. काल आठवलं, तेही एका उंच छपरावर, डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून उकिडवी बसले असताना.

तुला सांगितलं होतं ना, इथल्या जुन्या वाचनालयाच्या दुरुस्तीचं काम आमच्या ऑफिसला मिळालंय आणि छपराची देखरेख माझ्याकडे आहे म्हणून? काल मागच्या बाजूची कौलं उतरवायला घेतली. एक उचललं, सहज उलटं केलं आणि हात तसाच राहिला. कौलाच्या पोटावर आपल्या भट्टीची खूण. तीन रेघा आणि एक टिंब. बाबा चहा पिता पिता म्हणायचे, "शहरात पुस्तकांचं एक मोठं घर आहे, त्याच्या डोक्यावर आपण आहोत." मला ती बढाई वाटायची. नव्हती गं. ज्या इमारतीत बसून मी कॉलेजचा अभ्यास केला, पावसापाण्याचं जिथे अडून बसले, तिच्या छपराकडे मी एकदाही मान वर करून बघितलं नव्हतं.

आणि मग मागच्या दाराच्या वर, सगळ्यात खालच्या ओळीत, ते सापडलं. लहान मुलाचं पाऊल. पाचही बोटं स्पष्ट, पुढचा भाग खोल रुतलेला, पळता पळता जोर दिल्यासारखा. माझ्या तळहातात मावलं. मी हातमोजा काढून त्यातून बोट फिरवत बसले. खालून एक जण ओरडला, "मॅडम, साप आहे का?" म्हटलं, "नाही रे, माणूस आहे."

माझंच का गं ते? घरात पळणारी मीच, असं सगळे सांगतात. भिंगरी हे नाव काही उगीच पडलेलं नाही.

आता कामाचं. निम्मी कौलं शाबूत आहेत, निम्मी नवी लागतील. मोठे साहेब कारखान्याची घ्या म्हणतात. ग्रंथपालबाईंना आणि त्यांच्या समितीला जुन्यासारखीच हवीत. मी म्हटलं, ही जिथे भाजली ती भट्टी अजून चालू आहे, नमुने तर मागवू. साहेब "बरं" म्हणाले. तर अलीकडच्या भाजणीतली डझनभर कौलं दुधाच्या गाडीवाल्याबरोबर पाठव. एक मात्र कर. कागदावर भट्टीचं नाव टाक, तू माझी बहीण आहेस हे कुठेही लिहू नकोस. कारण भेटले की सांगेन.

फोन केला असता, पण तू टेकडीवर चढून फोन घेतेस आणि वाऱ्यात अर्धं ऐकतेस. शिवाय पावलाबद्दल ओरडून सांगावंसं वाटेना.

तुझी,
भिंगरी


१७ नोव्हेंबर

चि. भिंगरीस आशीर्वाद,

पत्र पोचलं. तुझ्या भाऊजींनी दोनदा वाचलं. मी एकदाच वाचलं, पण सावकाश.

पाऊल तुझंच. दुसऱ्या कोणाचं असणार? अंगणभर कौलं वाळत घातलेली, आपली पांढरी कोंबडी सुटली आणि तिच्या मागे तू. आई ओरडतेय, "अगं कार्टे, कडेने, कडेने!" आणि तू कशाला कडेने जातेस? बरोबर मधल्या ओळीवर पाय ठेवलास. बाबा हौदाशी साचे धूत होते. सगळ्यांना वाटलं, आता पाठीत धपाटा बसणार. ते आले, वाकून बघितलं, आणि आई ओल्या फडक्याने ते पाऊल पुसायला निघाली होती तिचा हात धरला. "पुसू नकोस. पुसलं की तेवढ्या जागी कौल पातळ होतं आणि भट्टीत तडकतं. भाजू तसंच." तो नियम पहिल्यांदा निघाला तो त्या दिवशी. पुढे बकऱ्यांच्या खुरांनासुद्धा तोच लावला. कौलं चढवायला बाबा स्वतः शहरात गेले होते. दारावर लावलं म्हणून सांगायचे, येणाराजाणारा बघेल. मागच्या दारावर लावलं हे मला तुझ्या पत्रातून कळतंय. तिथे कोण येतंजातं देव जाणे.

तेव्हा तू गाव सोडून गेलीस त्याचं मला नवल कधी वाटलंच नाही. पाऊल आधीच गेलं होतं, बाकीची तू मागून गेलीस.

नमुने पाठवलेत. बोटाने वाजवून बघ, खणखणतात की नाही. भट्टीचं विचारशील तर भट्टी जागच्या जागी आहे. गावात आता ज्याला त्याला पत्रे हवेत. शेजारच्या शिंपीणबाईने घरावर निळे पत्रे घातले. दुपारी आत बसवत नाही म्हणून शिलाई मशीन उचलून आमच्या ओसरीवर येते आणि माझ्या कौलांच्या गारव्यात बसून मला पत्र्याचे गुण ऐकवते. गावाला शहरासारखं दिसायचंय आणि तुझ्या शहराला गावासारखं. मधल्यामध्ये माझी करमणूक.

बहीण म्हणून लिहू नकोस म्हणालीस, नाही लिहिलं. पण मला ते आवडलेलं नाही.

भाऊजींची पाठ धरलीय. जरा वर चढले होते. विशेष काही नाही.

तुझी,
आक्का


११ डिसेंबर

ती. आक्कास नमस्कार,

आधी चांगलं सांगते. तुझी कौलं पहिली आली. वजन लावून मोडायला घेतली तर मोडेनात. तपासणाऱ्या बाई मला म्हणाल्या, "अशी कौलं मी अलीकडे पाहिलीच नाहीत." माझी मान अशी ताठ झाली की काय सांगू.

मग त्यांनी ती पाण्यात बुडवून ठेवली. किती पाणी पितात ते बघायची पद्धत असते. दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. "जरा वास घ्या. ओलं झाल्यावर धुराचा वास येतोय. भट्टीचा असा येतो का?"

मी वाकले आणि आक्का, शाळेतून आल्यासारखी दप्तर कोपऱ्यात टाकून मी सरळ आपल्या स्वयंपाकघरात शिरले. आई चुलीपुढे, डोळे चोळत, "आधी हातपाय धू."

ही कौलं आपल्या चुलीच्या वरची आहेत. तू घासली असशील, राखेने, काथ्याने, हाताला फोड येईपर्यंत. दिसायला स्वच्छच होती. पण इतक्या वर्षांचा धूर घासून जात नाही, तो आत जाऊन बसतो. आता भाऊजी कुठे चढले होते तेही कळलं.

भट्टी कधीपासून बंद आहे? गेल्या वर्षी मी आले होते तेव्हा मला तिकडे फिरकू दिलं नाहीस. "विंचू निघालेत," म्हणालीस. मी शहाण्यासारखी विश्वास ठेवला. तू अशी कशी गं? नमुना म्हणजे आज जे घडतं त्याचा तुकडा. त्याच्या भरवशावर हे लोक शेकडो कौलं घेणार, ती कुठून आणशील? सगळं घर उघडं करशील?

मी त्या बाईंना "विचारून सांगते" एवढंच बोलले आहे. साहेब रोज विचारतात. मला खरं काय ते कळव. आणि या थंडीत स्वयंपाकघरावर काय घातलंयस तेही.

भिंगरी


१८ डिसेंबर

चि. भिंगरीस,

खोटं काय केलं मी ते तरी सांग. ती कौलं दुसऱ्याची होती? बाबांच्या शेजारी बसून माझ्या हातांनी थापलेली, लग्नाच्या आधीची. शहरातून मागणी आली, माझ्या बहिणीच्या कामासाठी आली. पाहुणा दारात आला की आपण घरातलं सगळ्यात चांगलं असेल ते बाहेर काढतो. मी तेच केलं. नमुना म्हणजे आज घडलेलंच पाहिजे हे तुमच्या ऑफिसात शिकवतात, आमच्या अंगणात शिकवत नाहीत.

हो, दोन उन्हाळे पेटली नाही. पेटवून काय करू? भट्टी म्हणजे गॅसची शेगडी आहे का, एक कप चहापुरती लावायला? तिला पोटभर कौलं लागतात, नाहीतर धग बसत नाही, निम्मी कच्ची निघतात. डझनभर कौलांसाठी भट्टी लावली असती तर भाऊजींनी मलाच आत बसवलं असतं.

आता विचारलंच आहेस तर सगळंच ऐक. तळ्याकाठच्या आपल्या मातीच्या तुकड्याला गिऱ्हाईक आलंय. शहरातले लोक सुट्टीत येऊन राहतील अशा खोल्या बांधायच्यात त्याला. मला म्हणतो, "मावशी, छपरं कौलारूच दाखवणार आम्ही. प्लास्टिकची मिळतात, हलकी असतात." माझ्या मातीवर उभा राहून! मी त्याला प्यायला पाणी दिलं आणि उन्हाळ्यापर्यंत सांगते म्हटलं. वाचनालयाचं काम मिळालं तर त्याला नाही सांगेन. नाही मिळालं, तर कोणासाठी राखायची ती माती? एकदा गेली की भट्टी नुसती चुलीसारखी दिसणारी टेकडी. म्हणून काढली कौलं. त्यात हुशारी नव्हती, घाई होती.

आणि आता तू सांग. माझं नाव का झाकलंस? तुझं शहर वाचायला शिकलं ते आपल्या कौलांखाली बसून. माझ्या हातांना माती लागलेली असते, त्याची तुला तिथे लाज वाटत असेल तर तसं लिही. मी पत्र टाकणं थांबवते. दुधाच्या गाडीवाल्याचीही फेरी वाचेल.

आक्का

ता. क. हे तुझे भाऊजी लिहीत आहेत. आक्का पाकीट आणायला आत गेली आहे. स्वयंपाकघरावर शिंपीणबाईचा निळा पत्रा आहे. ती रोज येऊन बघून जाते आणि हसते. आक्का तिच्याशी बोलत नाही, चहा मात्र देते. पाठ बरी आहे. तू मनावर घेऊ नकोस, ती तुझं आधीचं पत्र उशाशी ठेवते.


२६ डिसेंबर

ती. आक्कास,

लाज? मी रडले ते वाचून, मग चिडले, मग ताटात काय वाढलंय हे न बघता जेवले.

आमच्या कामात नियम आहे. आपल्या माणसाचा माल आपण निवडायचा नाही. आणि निवडणाऱ्यांत मी होते. बहीण म्हणून कागदावर आलीस तर तुझी कौलं टेबलापर्यंतही पोचणार नाहीत असं मला वाटलं. म्हटलं, आधी कौलांना बोलू दे, नातं मागून सांगू. तू धूर घासलास, मी नातं. दोघींनी बाबांचं ऐकलं नाही.

म्हणून सोमवारी साहेबांच्या खोलीत गेले आणि दोन्ही सांगून टाकलं. नमुने जुन्या घरावरचे आहेत, आणि ती भट्टी माझ्या सख्ख्या बहिणीची आहे. "सख्ख्या" जरा जास्तच मोठ्याने झालं, बाहेरच्या टेबलांवर ऐकू गेलं. साहेब बराच वेळ पेन्सिल फिरवत राहिले. मग म्हणाले, "हे पहिल्या दिवशी सांगायचं होतंत." वाईट माणूस नाही, पण नियम तो नियम. छप्पर त्यांनी दुसऱ्याकडे दिलं. मला नळ आणि गटारं. इतके दिवस इमारतीच्या डोक्यावर होते, आता पायाशी.

ग्रंथपालबाई म्हणाल्या, नवे नमुने फेब्रुवारीत आले तर तपासू, कारखान्याच्या कौलांबरोबरच, एका मापाने. त्या बैठकीत मी नसेन. एक शब्दही बोलू शकणार नाही.

भट्टी पेटव असं मी म्हणणार नाही. नुसत्या आशेवर एवढं सरपण जाळ हे कोणत्या तोंडाने सांगू? त्या माणसाला काय उत्तर द्यायचं तेही तुझं तू ठरव. फक्त पत्र थांबवू नकोस.

तुझी,
भिंगरी


२१ फेब्रुवारी

चि. भिंगरीस आशीर्वाद,

पेटवली.

तुझं पत्र आलं, वाचलं. दुसऱ्या दिवशी तळ्यावर गेले आणि माती काढायला लागले. भाऊजी मागून फावडं घेऊन आले, "विचारणार तरी होतीस का?" म्हणाले. माती आणली, भिजवली, आणि मग घोडं अडलं. तुडवायला पाय लागतात. पूर्वी दहा घरचे असायचे, आता आम्ही दोघं, त्यातली एक पाठ दुखणारी.

शिंपीणबाई आली. "माझा पत्रा परत हवाय, तेवढ्यासाठीच आलेय." मी म्हटलं, "भट्टी लागली की नेशील." "कधी लागेल?" "पाय मिळाले की." तिने साडी खोचली आणि उतरली खड्ड्यात. उतरताना म्हणते, "पत्र्यासाठी हं!" तिला बघून तिची जाऊ आली. मग शाळेच्या बाई आल्या, सुट्टीचा दिवस होता. दुधाच्या गाडीवाल्याने भुसा आणून टाकला आणि जाता जाता बूट काढून दहा मिनिटं नाचून गेला. तुला सांगते, गुडघ्यापर्यंत मातीत उभी राहिलेली बाई कितीही पत्र्याची असली तरी तिला काहीतरी आठवतंच.

थापून, वाळवून झाली आणि लक्षात आलं, भट्टीचं पोट भरत नाही. तुझ्या नमुन्यांना आणि थोड्या जास्तीच्यांना ती दाद देणार नव्हती. मी पायरीवर बसून होते. शिंपीणबाई म्हणाली, "माझ्या घरापुरती घाल त्यात." मी म्हटलं, "आणि तुझे निळे पत्रे? त्यांचे गुण?" म्हणाली, "कोंबड्यांच्या खुराड्याला होतील. कोंबड्या तक्रार करत नाहीत." मग तिच्या जावेने सांगितली, शाळेच्या बाईंनी वर्गापुढच्या पडवीपुरती सांगितली. पुन्हा माती, पुन्हा पाय. भरली.

धूर काळा निघाला, मग पांढरा, मग नुसती हवा थरथरताना दिसायला लागली. सगळं गाव कुंपणाशी येऊन बघत होतं. मी तिथेच उभी होते, बाबा जिथे उभे राहायचे तिथेच, आणि भिंगरे, मला तुझ्या वाचनालयाची आठवणही नव्हती.

उघडली तेव्हा वरच्या थरातली काही वाकडी निघाली. दोन उन्हाळे रुसलेली भट्टी, तेवढं करणारच. काहींवर बकरीचे खूर आहेत, ते शाळेच्या पडवीत खालच्या ओळीला लावू. मुलांना दिसतील. बाकीची वाजवून बघितली. घंटेसारखी वाजतात.

त्या खोल्यावाल्याला नाही सांगून टाकलं. तुझ्या समितीच्या उत्तराची वाट बघितली नाही. त्याने विचारलं, "मावशी, काम मिळालं का?" म्हटलं, "नाही मिळालं अजून. पण मी भट्टीवाली आहे आणि भट्टी गरम आहे."

नमुने पाठवतेय. यांत चूल नाही, हवं तितकं भिजवा. लाजेचं लिहिलं होतं ते मागे घेते. सगळं नाही, निम्मं. उरलेलं निम्मं तू गटारातून वर आलीस की. कागदावर सही काय केलीय तेही बघ.

तुझी,
आक्का


१२ मार्च

ती. आक्कास नमस्कार,

बघितली सही. "भट्टीवाली, गटारवाल्या मॅडमची थोरली बहीण." साहेबांनी समितीपुढे जसंच्या तसं वाचून दाखवलं म्हणे, आणि ग्रंथपालबाई चष्मा काढून हसल्या.

मी तेव्हा खरोखरच खड्ड्यात होते, कमरेइतक्या. वरून साहेबांचा आवाज आला, "मॅडम, तुमच्या बहिणीची कौलं पास!" माझ्याबरोबर काम करणाऱ्याने विचारलं, "म्हणजे काय?" मी म्हटलं, "म्हणजे यापुढे ही सगळी इमारत आमच्या घरची." त्याने माझ्याकडे जरा काळजीने बघितलं.

काम तुझं आहे, आक्का. कोणाच्या शब्दाने नाही, वजनाने आणि पाण्याने मिळालेलं. साहेबांचं पत्र वेगळं येईल, त्यात कधी किती हवी ते असेल.

एक सांगायचं राहिलं. ते पाऊल असलेलं कौल दर्शनी दालनात काचेच्या कपाटात ठेवलंय. खाली पाटी: "अज्ञात बालकाचे पाऊल." मी कामावर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, अज्ञात नाही, हे मी आहे. कोंबडीची गोष्टही सांगते. लोक माझ्या बुटांकडे बघतात.

तुझी,
भिंगरी


२८ एप्रिल

चि. भिंगरीस आशीर्वाद,

शेवटची गाडी आज सुटली. कौलांच्या मध्ये पेंढा गच्च भरलाय, उतरवणाऱ्यांना सांग, पेंढा फेकू नका, गाडीवाल्याच्या म्हशींना लागतो.

कौल काचेत ठेवलंय म्हणालीस. त्याला तिथे काय काम? कौलाने पाऊस अडवायचा असतो. ते आजारी आहे का, की म्हातारं झालंय? वाजवून बघायला सांग. वाजत असेल तर वर लावा. आणि अज्ञात कसलं! आम्हाला सगळी माहिती आहे.

तू लोकांना गोष्ट सांगतेस हे मात्र छान करतेस. सांगत जा. भाऊजी म्हणतात, कोंबडी पांढरी होती हेही सांगत जा म्हणावं.

शिंपीणबाईचं छप्पर झालं. तरी दुपारी मशीन घेऊन इकडेच येते. म्हणते, सवय झाली. आता मला कौलांचे गुण ऐकवते.

तुझी,
आक्का


६ जून

ती. आक्कास नमस्कार,

छप्पर पूर्ण झालं. समोरच्या रस्त्यावर उभं राहिलं की तुझी कोणती आणि बाबांची कोणती ते ओळखू येतं. तुझी अजून लाल आहेत, बाबांची तपकिरी झालीत. साहेबांनी विचारलं, "सारखी दिसायला काही लावायचं का?" ग्रंथपालबाई म्हणाल्या, "कशाला? बाप आणि लेक आहेत, दिसू दे की तसंच." मी तिथून उठून खिडकीशी गेले. तू म्हणशील, ही कुठेही रडते.

आता जे सांगतेय ते खाली बसून वाच.

गटाराचा शेवटचा तुकडा पुढच्या भिंतीलगत होता. तिथली झुडपं काढली तर भिंतीत एक दगड निघाला, रंगाच्या थरांखाली गेलेला. मीच खरवडला. छप्पर पूर्ण झालं त्याचं साल कोरलेलं आहे त्यावर. मी ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि शेजारी फरशीवर बसले.

आक्का, तेव्हा मी जन्मलेच नव्हते.

कोंबडी खरी असेल. पांढरीच असेल. आईचं "कडेने, कडेने," बाबांनी तिचा हात धरणं, सगळं खरं असणार, तू ते डोळ्यांपुढे बघून लिहिलंस हे त्या पत्रात दिसतंच. पण आपल्या घरात तेव्हा एकच मूल होतं. पळणारी तू होतीस. मी नोव्हेंबरात विचारलं, "माझंच का गं?" आणि तू एका ओळीत देऊन टाकलंस, घरातलं चांगलं पाहुण्याला द्यावं तसं. नमुन्यांच्या वेळी केलंस तेच.

मी महिनोन् महिने तुझं पाऊल माझं म्हणून मिरवलं. आणि तू लिहिलंस, सांगत जा.

तू कधी इथे आली नाहीस. माझ्या बाळंतपणात नाही, नवं घर घेतलं तेव्हा नाही. "भट्टी सोडून कशी येऊ?" आता कळलं की भट्टी बंद होती त्या दोन उन्हाळ्यांतही भट्टीचंच कारण देत होतीस. मी समजत होते, तुला शहर आवडत नाही. तुझं पाऊल माझ्या आधी, मी या जगात यायच्या आधी, इथल्या दारावर येऊन बसलेलं होतं, आणि मी मात्र आपल्या घरातली शहरात पोचलेली पहिली मुलगी म्हणून मान वर करून हिंडत होते.

ग्रंथपालबाईंना सगळं सांगितलं. त्या उठून दालनात गेल्या. कपाट उघडलं, कौल बाहेर काढलं आणि बोटाने वाजवलं. खणखणीत वाजलं. मग साहेबांना बोलावून म्हणाल्या, "हे वर लावा. पुढच्या दारावर." साहेबांनी मला विचारलं, "तुम्ही चढता?" मी चढले. खालच्या ओळीत, दाराच्या बरोबर मधोमध, माझ्या हातांनी लावलं. आज सकाळी एक बाई आपल्या मुलीला वर बोट करून दाखवत होती. मुलगी म्हणाली, "तिला कोणी रागावलं नाही?"

दाराशेजारी कोणी काय केलं त्याची पाटी लागतेय. छपरापुढे आधी बाबांचं नाव आहे आणि मग तुझं. माझं गटारांच्या नकाशावर आहे, तिथे ते शोभतं.

बावीस तारखेला दार उघडायचंय. समितीने तुला बोलावलंय, पण मी समितीकडून विचारत नाही. तू ये. नाही म्हणशील हे मला माहीत आहे. भट्टी गरम आहे, भाऊजींची पाठ आहे, शाळेच्या पडवीचं निम्मं राहिलंय, आणि एवढ्या गर्दीत तुझ्याशी कोण बोलणार. कारणं मीच लिहून टाकली, तुझी शाई वाचली. तरी दुधाच्या गाडीवाल्याला सांगून ठेवलंय, त्या दिवशी पुढची सीट तो कोणाला देणार नाही.

एक पाऊल इथे केव्हाचं येऊन बसलंय, आक्का. दुसरं घेऊन ये.

तुझी,
भिंगरी